गाडीतले घर, पण उभे कुठे करायचे?

आमच्या उल्हासनगरात 'कॅम्प' हा पत्ता आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ लष्कराच्या छावणीसाठी बराकी बांधल्या गेल्या, फाळणीनंतर सिंधमधून आलेली निर्वासित कुटुंबे त्यांत राहिली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. नाव बदलले तरी कॅम्प एक ते पाच कायम राहिले. म्हणून आमचे एक स्नेही मागच्या महिन्यात म्हणाले, "भाई, कॅम्प टाकायचा विचार आहे," तेव्हा आम्ही सवयीने विचारले, "कितव्या नंबरात?"

त्यांच्या मनात वेगळाच कॅम्प होता. गावाकडच्या मोकळ्या जागेत, गाडीतच राहणाऱ्या पाहुण्यांसाठी. अशा गाडीला कॅराव्हॅन म्हणतात. ट्रॅव्हलर किंवा लहान बसच्या सांगाड्यावर पलंग, ओटा, फ्रीज, एसी आणि लहानसे शौचालय बसवलेले असते. कुटुंब गाडी घेऊन निघते, रात्री एखाद्या ठिकाणी ती उभी करते, तिथेच स्वयंपाक होतो आणि तिथेच झोप. हॉटेलच्या स्वयंपाकघरात काय शिजते याची चौकशी नको, आणि घरच्या बायकांना लांबच्या प्रवासात शौचालय शोधत फिरणे नको. आमच्या वाचकांतील बऱ्याच कुटुंबांना ही गोष्ट पटण्यासारखी आहे. हाजी मलंगच्या उरुसाला माघ पौर्णिमेच्या सुमारास पायथ्याशी टेम्पो आणि बसगाड्या लावून, स्टोव्ह पेटवून रात्र काढणारी कुटुंबे आम्ही लहानपणापासून पाहत आलो आहोत. कॅराव्हॅन म्हणजे त्याचीच सुधारलेली आवृत्ती.

महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. गाडी आणि ती उभी करण्याची जागा, म्हणजे कॅराव्हॅन पार्क, या दोहोंची नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे करता येते आणि पार्क खासगी जमिनीवरही होऊ शकतो. त्याच वर्षी केरळने 'केरावान' नावाची योजना आणली आणि पुढच्या वर्षी इडुक्की जिल्ह्यातील वागमोन येथे डोंगरउतारावर पहिला पार्क सुरू झाला. केरळने पार्कसाठी किमान ५० सेंट, म्हणजे अर्धा एकर जमीन आणि किमान पाच गाड्यांची सोय अशी अट घातली. ही अट आमच्या स्नेह्यांना कुठून तरी कळली होती आणि अर्धा एकर हा आकडा त्यांच्या डोक्यात पक्का बसला होता.

या स्नेह्यांचे फर्निचरचे दुकान आहे. जुना एक गाळा विकून आलेल्या पैशांपैकी निम्मे त्यांनी या कामासाठी बाजूला काढले आहेत. बाकीचे निम्मे मुलीच्या शिक्षणासाठी आहेत आणि त्याला हात लावायचा नाही, असे घरात ठरले आहे. म्हणजे चूक झाली तर दुसऱ्यांदा भांडवल उभे राहणार नाही. बदलापूरच्या पुढे त्यांना तीन जागा दाखवल्या गेल्या होत्या. त्यांपैकी एकीचा बयाणा द्यायला ते निघालेच होते. आम्ही म्हटले, आधी आम्हांलाही दाखवा. मार्चच्या एका रविवारी फीत, गवंड्याची लेव्हलची पारदर्शक नळी आणि विजेचा टेस्टर घेऊन आम्ही चौघे कर्जत रस्त्याला लागलो.

पहिली जागा उल्हास नदीच्या काठी होती, बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान. बयाणा द्यायचा होता तो याच जागेचा. कोणालाही भुरळ पडावी अशीच ती होती. समोर नदी, पलीकडे डोंगराची रांग, पायाखाली सपाट गवत. आमच्या स्नेह्यांनी फोटो आधीच सगळ्यांना पाठवून झाले होते. दलाल सांगत होता की मुंबईचा माणूस पाण्यासाठीच पैसे मोजतो, आणि त्यात खोटे काही नव्हते.

आम्ही जमिनीकडे पाहायला लागलो. वरचा थर बारीक गाळाचा, मऊ. काठावरच्या झुडपांच्या फांद्यांत, आमच्या डोक्याच्याही वर, प्लास्टिकच्या चिंध्या आणि वाळलेले गवत अडकलेले. हे वाऱ्याने एवढ्या एकसारख्या उंचीवर अडकत नाही. शेजारच्या बांधावर गुरे घेऊन बसलेल्या एका म्हाताऱ्या काकांना विचारले तेव्हा ते हसले आणि बरेच मागे असलेल्या एका आंब्याकडे बोट दाखवून म्हणाले, "शेठ, रेल्वेगाडी अडकली ना, त्या साली पाणी त्या आंब्याला होतं."

ते साल २०१९. मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस २७ जुलैच्या पहाटे बदलापूर-वांगणीच्या दरम्यान उल्हास नदीच्या पुरात अडकली. सुमारे १,०५० प्रवासी गाडीत होते. एनडीआरएफच्या बोटी, नौदल आणि गावकरी यांच्या मदतीने सर्वांना सुखरूप बाहेर काढण्यात आले. त्याआधी २६ जुलै २००५ चा पूर तर या पट्ट्यातील प्रत्येक घराला ठाऊक आहे. भरावावरून जाणारी रेल्वे जिथे अडकते, तिथे गवतात उभ्या केलेल्या चार-पाच टनांच्या गाडीचे काय होईल, हे सांगायला नको. आणि गाडीत माणसे झोपलेली असतात.

यावर दलालाचे उत्तर तयार होते. पावसाळ्यात बंद ठेवायचे, नाही तरी सीझन हिवाळ्याचाच. यातील अर्धी गोष्ट खरी आहे. कोंडेश्वरसारख्या धबधब्यांवर आणि धरणांच्या परिसरात पावसाळ्यात जिल्हा प्रशासन मनाई आदेश काढते, पोलीस गाड्या परत पाठवतात, तेव्हा त्या महिन्यांत धंदा फारसा धरूच नये. पण शौचालयाची टाकी, विजेचा खांब, पाण्याचा पंप आणि टाकलेला मुरूम पावसाळ्यात उचलून घरी नेता येत नाही. शिवाय नदीला पूर फक्त पावसानेच येतो असेही नाही. भिवपुरीचे टाटांचे जलविद्युत केंद्र १९२२ पासून चालू आहे. तेथून सुटणारे पाणी पेज नदीतून उल्हासला मिळते आणि म्हणूनच पेज उन्हाळ्यातही वाहती असते. दक्षिणेला कोलाडला कुंडलिका नदीवर राफ्टिंगचा सारा धंदा भिऱ्याच्या वीजकेंद्रातून सकाळी सुटणाऱ्या पाण्यावर चालतो. वीज तयार होते त्या वेळेस पाणी वाढते, थांबली की उतरते. अशा नदीच्या वाळवंटात रात्री गाडी लावणाऱ्याने हे वेळापत्रक ठाऊक करून घेतलेच पाहिजे.

पाटबंधारे खाते नद्यांच्या पूररेषा आखते. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. जागा कोणत्या रेषेच्या आत आहे, हे नगरपालिकेच्या किंवा पाटबंधारे खात्याच्या नकाशावर पाहता येते. आम्ही दलालाला ही रेषा विचारली तर त्याने विषय बदलला आणि पाण्यात मासे किती मिळतात ते सांगू लागला.

आमच्या स्नेह्यांचा चेहरा उतरला. तरी ते म्हणाले, "बाकीच्या दोन बघून घेऊ."

दुसरी जागा डोंगराच्या कुशीत, शेलूच्या बाजूला. उंचावर, मुरमाड, पाणी निथळून जाणारी. पुराची भीती नाही. झाडांची सावली भरपूर आणि शांतता अशी की आमच्यातला एक जण तिथेच चादर टाकायला निघाला. अडचण दोन गोष्टींची होती. पहिली वाट. शेवटचा टप्पा बैलगाडीचा रस्ता, दोन्ही बाजूंना दगडी गडगा, मध्येच आंब्याची आडवी फांदी. आम्ही फीत लावली. छतावरचा एसी धरून कॅराव्हॅनची उंची दहा फुटांच्या आसपास जाते आणि फांदी नऊ फुटांवर होती. फांदी तोडता येईल, पण वळणावरचा गडगा दुसऱ्याच्या मालकीचा. समोरून दुसरी गाडी आली तर अर्धा किलोमीटर उलटे जावे लागेल. रात्री एखाद्याला दवाखान्यात न्यायचे झाले तर काय?

दुसरी अडचण विजेची. खांब नव्हता, जवळपासही नव्हता. जागेच्या मालकाने अगदी सहज सांगितले, "जनरेटर लावा की. सगळे तेच करतात."

इथे आम्ही बराच वेळ थांबलो, कारण ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावासा वाटला ती हीच. डिसेंबर २०२४ मध्ये केरळातील कोळिकोड जिल्ह्यात, वडकरा येथे रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या एका कॅराव्हॅनमध्ये दोन माणसे मृतावस्थेत सापडली. मारामारी नव्हती, विष नव्हते. एसी चालू ठेवण्यासाठी लावलेल्या जनरेटरचा धूर गाडीत शिरला होता. त्यात कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू असतो. त्याला वास नाही, रंग नाही. झोपलेल्या माणसाला काही कळायच्या आत तो शुद्ध घालवतो. एसीसाठी काचा लावलेल्या असतात, त्यामुळे शिरलेला वायू बाहेर जायला वाट राहत नाही. दोघेही बाहेरच्या मोकळ्या हवेपासून एका दारावर होते.

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. जिथे विजेची पक्की जोडणी नाही ती जागा कॅराव्हॅनची नव्हे, मग तिथून सूर्योदय कितीही सुंदर दिसो. दीड टनाचा एक एसी पावणेदोन ते दोन किलोवॅट खातो. २३० व्होल्टवर १६ अँपिअरचा सॉकेट साडेतीन किलोवॅटपर्यंत देतो, म्हणजे एका गाडीला असा एक सॉकेट पुरतो. पाच गाड्या, पंप, दिवे मिळून आमच्या हिशेबाने पंधरा किलोवॅटचा मंजूर भार आणि थ्री फेज मीटर धरावा. सॉकेट कारखान्यात वापरतात तो झाकणाचा, पावसात भिजला तरी चालणारा. प्रत्येकाला वेगळे अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. अंबरनाथ आणि बदलापूरच्या एमआयडीसीत काम केलेला कोणताही वायरमन हे डोळे मिटून बसवून देईल. त्याची मजुरी वाचवू नये.

याउलट काय असते, तेही सांगतो. दोन वर्षांपूर्वी आम्ही घरच्यांसह कोकणात अशाच एका जागी गाडी लावली होती. जाहिरातीत 'विजेची सोय' लिहिले होते. प्रत्यक्षात नारळाच्या झाडाला टांगलेला घरगुती एक्स्टेन्शन बोर्ड, त्यावर आधीच एक फ्रीज आणि बल्बची माळ, आणि वायर ओल्या वाळूवरून गेलेली. रात्री दहाला व्होल्टेज एवढे उतरले की एसीचा कॉम्प्रेसर नुसता हुंकारत राहिला. मुले घामाने भिजली, सकाळी भांडण झाले आणि मालक म्हणाला, "सोय आहे म्हटलं होतं, चांगली आहे असं कुठं म्हटलं?" त्या दिवसापासून आम्ही जागा ठरवण्याआधी सॉकेटचा फोटो मागवतो. नदीचा नको, डोंगराचा नको, सॉकेटचा.

आगीचेही तसेच. २६ ऑगस्ट २०२३ रोजी मदुराई स्थानकाजवळ उभ्या करून ठेवलेल्या यात्रेकरूंच्या रेल्वे डब्याला पहाटे आग लागली आणि ९ जण मृत्युमुखी पडले. डब्यात चोरून आणलेला गॅस सिलिंडर होता. चाकांवरच्या घरात चूल पेटवायची तर हा प्रसंग विसरू नये. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो गळला की वर न जाता फरशीवर साचतो. म्हणून चांगल्या पार्कात स्वयंपाकासाठी गाड्यांपासून दूर, चारही बाजूंनी उघडी शेड हवी, आणि दोन गाड्यांमध्ये निदान एक गाडी मावेल एवढे अंतर हवे. आमच्या स्नेह्यांचा हिशेब अर्ध्या एकरात दहा गाड्यांचा होता. अर्धा एकर म्हणजे वीस गुंठे, २१,७८० चौरस फूट. एका गाडीला चाळीस बाय वीस धरले तर आठशे फूट, दहा गाड्यांना आठ हजार. कागदावर बसते. पण वळायला जागा, आत-बाहेरचा रस्ता, शेड, शौचालये, झाडे आणि मधले अंतर काढले की पाच-सहाच्या वर जाऊ नये. केरळने अर्ध्या एकराला पाचचा आकडा उगाच घातलेला नाही.

तिसऱ्या जागेकडे जाताना कोणी फारसे बोलत नव्हते. ती कर्जत रस्त्यापासून थोडी आत, एका लहान गावाला लागून. फोटो काढण्यासारखे तिथे काही नाही. एका बाजूला गावाची शाळा, दुसऱ्या बाजूला भाताची खाचरे, मध्ये जुन्या वीटभट्टीची उंचवट्याची मोकळी जागा. जमीन पक्की, विटांचा चुरा आणि मुरूम दबून दगडासारखा झालेला. नळी लावून पाहिली तर या टोकापासून त्या टोकापर्यंत उतार जेमतेम, पाणी निघून जाईल एवढा. गाडी जवळपास सपाट उभी राहायला हवी, नाही तर रात्रभर माणूस पलंगावरून घसरतो, शौचालयाचे पाणी नीट निघत नाही आणि दार आपोआप उघडते. खाचराच्या मातीत मात्र मार्चमध्ये दगडासारखी वाटणारी जमीन जूनमध्ये चाक गिळते. कितीही स्वस्त मिळाली तरी ती भरल्याशिवाय उपयोगाची नाही, आणि भरावाचा खर्च जमिनीच्या भाड्यापेक्षा मोठा होतो.

ट्रान्सफॉर्मर शाळेच्या मागेच. विहीर गावाची, पण शेतकरी भावांची स्वतःची बोअरवेल आहे. चार माणसांचे कुटुंब काटकसरीने वागले तरी दिवसाला दोनशे लिटर पाणी लागते. गाडीची टाकी शंभर लिटरची असेल तर रोज दोनदा भरावी लागते. पाच गाड्या आणि सामाईक शौचालय मिळून दोन हजार लिटरची उंच टाकी हवी. मेमध्ये बोअर किती वेळ चालते, हे मालकाला नव्हे, शेजारच्या घरातल्या बायकांना विचारावे. आम्ही विचारले. एका खालांच्या वयाच्या बाईंनी सांगितले की एप्रिलअखेर सकाळी अर्धा तास येते, मग थांबते. म्हणजे उन्हाळ्यात टँकर धरावाच लागेल. स्नेह्यांनी ते लिहून घेतले.

आणि सांडपाणी. याबद्दल कोणी बोलत नाही. गाडीतल्या शौचालयाची टाकी दोन-तीन दिवसांनी रिकामी करावी लागते. ती रात्री ओढ्यात सोडून देणारे महाभाग आहेत. आपल्या वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कर्जत-नेरळकडून येणारा प्रत्येक ओढा शेवटी उल्हास नदीला मिळतो, आणि बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण या सर्व गावांच्या पिण्याच्या पाण्यात या नदीचा मोठा वाटा आहे. वांगणीच्या वर कोणी टाकी रिकामी केली तर ती दोन दिवसांनी आपल्याच नळाच्या वाटेवर असते. म्हणून पार्कात झाकणाचा पक्का सेप्टिक टँक आणि गाडीची नळी थेट त्यात सोडण्याची व्यवस्था हवी. स्वयंपाकाचे आणि आंघोळीचे पाणी वेगळ्या शोषखड्ड्यात, विहीर-बोअरपासून लांब. शौचालयाच्या टाकीत वास मारण्यासाठी काही जण जालीम औषध ओततात. ते सेप्टिक टँकमधील कामाच्या जंतूंनाही मारते, तेव्हा पाहुण्यांना आधीच सांगितलेले बरे.

आता कागदांचे. जागा पसंत पडली की आपल्याकडचा व्यापारी आधी बयाणा देतो आणि सातबारा नंतर मागतो. इथे उलटे करावे लागते. महाराष्ट्रातील १९४८ च्या कूळ कायद्याच्या कलम ६३ नुसार शेतकरी नसलेल्याला शेतजमीन विकत घेता येत नाही, आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय तिचा भाडेपट्टाही वैध ठरत नाही. आमच्या स्नेह्यांच्या नावावर कुठेच सातबारा नाही. 'अकरा महिन्यांचा करार करू, कोण विचारतो' हे दलालाचे वाक्य त्यांनी खरे धरले होते. अंबरनाथ आणि कर्जत तालुक्यात ठाकूर, कातकरी बांधवांच्या जमिनी बऱ्याच आहेत. त्यांच्या हस्तांतरणाला आणखी कडक परवानगी लागते, आणि ती लागायलाच हवी. सातबाऱ्यावरील 'इतर हक्क' हा रकाना पूर्ण वाचावा. कुळाचे नाव, वर्ग दोनची नोंद, खासगी वनाची नोंद, बँकेचा बोजा, सगळे तिथेच लपलेले असते. शेलूच्या त्या सुंदर जागेच्या उताऱ्यावर वनाची नोंद निघाली, हे आम्हांला नंतर तलाठी कार्यालयात कळले. माथेरानच्या भोवतीचा भाग तर २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. तिथे बांधकामाचे नियम वेगळे. माथेरानला स्वतःची गाडी घेऊन जाऊ, असे समजणाऱ्यांना दस्तुरी नाक्यावरच उतरावे लागते, त्याच्या पुढे मोटारगाडी जात नाही.

यावर सरळ मार्ग म्हणजे शेतकऱ्यालाच भागीदार करणे. जमीन आणि नोंदणी त्याच्या नावावर, भांडवल आणि व्यवस्था आपली, नफ्याचे प्रमाण लेखी. कृषी पर्यटनाचे २०२० चे शासकीय धोरणही शेतकऱ्यासाठीच आहे, त्याचा उपयोग होऊ शकतो. तिसऱ्या जागेचे दोघे भाऊ याला तयार दिसले. थोरला म्हणाला, "दादा, जमीन आमची राहणार असंल तर बसून बोलू." व्याजाचे कर्ज काढण्यापेक्षा आम्हांला हा व्यवहार केव्हाही स्वच्छ वाटतो.

ज्यांना पार्क काढायचा नाही, फक्त कुटुंबासह गाडी घेऊन जायचे आहे, त्यांनी गाडी देणाऱ्याला आणि जागा देणाऱ्याला फोनवर विचारावे: शेवटच्या दोन किलोमीटरचा रस्ता किती रुंद आहे, फाटकाची रुंदी किती, सॉकेट किती अँपिअरचा, शौचालयाची टाकी कुठे रिकामी करायची, रात्री फाटकावर माणूस असतो का आणि जवळचा दवाखाना कुठे. उत्तर देताना जो अडखळतो त्याची जागा सोडून द्यावी. भाड्याच्या गाडीची नंबरप्लेट पिवळी किंवा काळी असते. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरे असतील तर ती चालकासह मिळते आणि काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असतील तर स्वतः चालवायची. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी कोणी भाड्याने देत असेल तर अपघातानंतर विमा कंपनी हात वर करते. परवान्याबाबत मात्र एक दिलासा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले की हलक्या मोटार वाहनाचा परवाना असलेली व्यक्ती ७,५०० किलोपर्यंतच्या एकूण वजनाचे प्रवासी-मालवाहू वाहनही चालवू शकते. ट्रॅव्हलरवर बांधलेली बहुतेक कॅराव्हॅन यात बसते. पण चालवता येते म्हणजे घाटात सवय आहे असे नव्हे. आधी एक चक्कर रिकाम्या रस्त्यावर मारून पाहावी.

आमच्या फर्निचरवाल्या मित्राला आणखी एक मोह झाला होता. जुनी ट्रॅव्हलर घेऊन, आपल्याच कारखान्यात प्लायवूडचे पलंग आणि कपाटे बसवून स्वस्तात कॅराव्हॅन तयार करायची. उल्हासनगरच्या कारागिराला हे काम अवघड नाही, हे आम्हीही मान्य करतो. परंतु गाडीच्या रचनेत असा बदल आरटीओच्या मंजुरीशिवाय करता येत नाही, आणि कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ नावाचे वेगळे तांत्रिक मानक आहे. म्हणून तो विचार तूर्त बाजूला ठेवला आहे. आतल्या गाद्या, पडदे आणि घडीच्या टेबलांची कामे अधिकृत गाडी बांधणाऱ्यांकडून मिळवता आली तर तो जोडधंदा पार्कपेक्षाही लवकर उभा राहील, असे आम्हांला वाटते.

निघण्यापूर्वी तिसऱ्या जागेचे फाटक मोजले. नऊ फूट. गाडी जाईल, पण आरसा घासेल. धाकट्या भावाने तिथल्या तिथे पहारीने डाव्या खांबाच्या बुडाशी टोचून पाहिले आणि सांगितले की खांब मोकळाच आहे, मे महिन्यात तीन फूट सरकवून देतो. नदीकाठच्या जागेच्या दलालाचे दोन फोन येऊन गेले होते, आमच्या स्नेह्यांनी ते उचलले नाहीत. जुलैत, दोन-तीन दिवस सलग पाऊस झाल्यावर, वीटभट्टीची ही जागा पुन्हा येऊन पाहायची आणि शाळेच्या भिंतीवर पाणी कुठवर चढते ते खडूने लिहून ठेवायचे, असे ठरले आहे. पैशांचे बोलणे त्यानंतर.